बांधावरची बाभूळ ते चुलीतलं जळण: चेन सॉ, साखळीचं तेल आणि सरपण

कपाशी उपटून झाली की आमच्याकडे नजर बांधाकडे वळते. दोन-चार वर्षं वाढू दिलेल्या बाभळी पिकावर सावली धरायला लागलेल्या असतात, निंबाच्या फांद्या ट्रॅक्टरच्या वाटेत आलेल्या असतात. घरात वर्षभराचं सरपणही लागतंच. गॅस आला तरी अंघोळीचा बंब, गुरांचं आंबोण, सणाचे मांडे आणि लग्नकार्याची वरण-बट्टी लाकडावरच होते.

मी तापीकाठचा शेतकरी. पाच वर्षांपूर्वी चेन सॉ मशीन घेतलं, तेव्हा कुणीच नीट काही सांगितलं नाही. जे सांगितलं त्यातलं निम्मं चुकीचं निघालं, आणि सर्वात महागात पडला तो साखळीच्या तेलाबद्दलचा सल्ला. नव्याने मशीन घेणाऱ्या प्रत्येकाला हे कळावं असं मनापासून वाटतं, म्हणून क्रमाने लिहितोय. तेलाचा भाग मुद्दाम मोठा ठेवला आहे.

१. आधी कागद, मग करवत

झाड तुमच्या शेतात आहे म्हणून ते कापायचा हक्क आपोआप मिळतो असं नाही. महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, १९६४ प्रमाणे काही झाडं अनुसूचित आहेत. साग, खैर, मोह, चिंच, आंबा, जांभूळ, अंजन, हळदू, बिजा, तिवस, ऐन, चंदन ही आपल्या भागात दिसणारी त्यातली नावं. खासगी जमिनीतलं असलं तरी यातलं झाड तोडायला वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते. बाभूळ, वेडी बाभूळ, निंब, सुबाभूळ या यादीत नाहीत. पण लाकूड शेताबाहेर ट्रॉलीने न्यायचं असेल तर वाहतूक परवाना लागतो का, हे निघण्याआधी वनपरिक्षेत्र कार्यालयात विचारून घ्या. रस्त्यावर गाडी अडवल्यावर विचारून उपयोग नाही.

घराजवळच्या चिंचेसाठी मी अर्ज केला होता. त्यावरून सांगतो, ही जुळणी आधीच करून ठेवा:

- चालू सातबारा आणि ८-अ
- गटाचा नकाशा, त्यावर झाडाची जागा खूण करून
- ओळखपत्राची प्रत
- झाडांची जात, संख्या, छातीच्या उंचीवरचा घेर
- सातबाऱ्यावर भाऊ-बहिणींची नावं असतील तर त्यांचं संमतीपत्र
- तोडण्याचं कारण, साध्या शब्दांत

सामायिक बांधावरच्या झाडासाठी शेजाऱ्याची संमती लेखी घ्या. तोंडी "काप भो, काही हरकत नाही" म्हणणारा शेजारी लाकूड ट्रॉलीत पडलं की वाटा मागतो, आणि बांधाचे वाद पिढ्यान्‌पिढ्या चालतात. रस्त्याकडेची, पाटचारीवरची, गायरानातली झाडं तुमची नाहीत. सातपुड्यातल्या राखीव जंगलात आणि यावल अभयारण्यात तर मशीन घेऊन पाऊलही टाकू नका. नंदुरबारकडच्या आदिवासी खातेदारांना झाडं विकायची असतील तर त्यासाठी १९६९ चा वेगळा कायदा आहे. व्यापाऱ्याशी परस्पर सौदा करू नका, आधी तहसील कार्यालयात जा.

२. कोणतं झाड, कोणत्या महिन्यात

कापणीचा महिना माघ. फांदीत रस कमी असतो, बहुतेक पाखरांची घरटी रिकामी असतात (विहिरीवरच्या बाभळीला लोंबणारे सुगरणीचे खोपे पावसाळ्यात भरलेले असतात), आणि पुढे चैत्र-वैशाखाचं आपलं ऊन लाकूड वाळवायला मिळतं. मृगाच्या आत सगळं छपराखाली गेलं पाहिजे.

जळणात पहिला नंबर बाभळीचा. जड, सावकाश जळते, निखारा टिकतो. वेडी बाभूळ त्याच तोडीची, पण काटे बुटाच्या तळव्यातून आत येतात आणि बुंधा जमिनीत राहिला तर पुढच्या वर्षी दहा फुटवे येतात. ती काढायची तर मुळासकट काढा. निंब मध्यम. माझं मत विचाराल तर निंब तोडूच नये, फक्त छाटावा. दोन वर्षांत पुन्हा फांद्या येतात आणि भर उन्हाळ्यात बैल कुठे बांधायचे हा प्रश्न राहत नाही. सुबाभूळ लवकर वाळते, लवकर जळून जाते. शेवगा, पांगरा, सालई यांत दम नाही. अंजन आपल्या खान्देशाचं खास झाड. लाकूड इतकं भरीव की पाण्यात टाकलं तर बुडतं. पण ते अनुसूचित आहे, आणि वाळलेल्या अंजनावर नवख्याची साखळी दहा मिनिटांत बोथट होते.

कण्हेर जळणात कधीच घेऊ नका. पान-फांदी सगळं विषारी, आणि धूरही.

३. मशीन किती मोठं

दुकानात बावीस इंची पट्टीचं (जिच्याभोवती साखळी फिरते ती पट्टी) मशीन पुढे करतात. बांधावरच्या कामाला चौदा ते सोळा इंच पुरे. मोठी पट्टी म्हणजे जास्त वजन, जास्त दात घासायचे, जास्त तेल, आणि टोक नजरेआड जाण्याचा धोका. घराच्या अंगणातच ओंडके कापायचे असतील तर विजेवरचं मशीनही चांगलं. फक्त एक लक्षात ठेवा: विजेवरच्या मशीनलाही साखळीचं तेल लागतं. "यात पेट्रोल नाही म्हणजे ऑइलही नाही" असं समजून कोरडं चालवलेली दोन मशीनं मी आमच्याच गावात पाहिली. दोन्हींच्या पट्ट्या पहिल्याच हंगामात गेल्या.

मशीनबरोबर एवढं घ्या: डोळ्यांना जाळीचा किंवा काचेचा चष्मा, कान बंद करणारी टोपी, चिवट हातमोजे, जाड तळव्याचे बूट, गोल कानस, दोन प्लॅस्टिकच्या किंवा लाकडी पाचरी, एक जादा साखळी. गळ्यातला गमछा घरी ठेवून या. साखळीने गमछ्याचं टोक पकडलं तर माणूस ओढला जातो, हात वर करायला वेळ मिळत नाही.

४. साखळीचं तेल

आधी हे तेल जातं कुठे ते समजून घ्या. ट्रॅक्टरच्या इंजिनातलं ऑइल आतल्या आत फिरत राहतं. साखळीचं तसं नाही. टाकीतून एक छोटा पंप तेल पट्टीच्या भोकात ढकलतो, पट्टीच्या खाचेत फिरणारे साखळीचे पाय ते पुढे ओढून नेतात, आणि टोकाला वळसा घेताना ते उडून जातं. साखळी सेकंदाला वीस मीटरच्या आसपास धावते. त्यामुळे टाकीत घातलेला प्रत्येक थेंब बाहेर पडतो. काही भुशात, काही मातीत, काही तुमच्या पॅंटवर, आणि बराचसा कापलेल्या लाकडाच्या तोंडावर. परत काहीच येत नाही.

आता माझं पहिलं वर्ष. मशीन घेतलं त्या दुकानात तेलाचं विचारलं तर उत्तर मिळालं, "ट्रॅक्टरचं काळं ऑइल टाका, सगळे तेच टाकतात." घरी सर्व्हिसिंगचं पाच लिटर काळं ऑइल पडलेलंच होतं. वाटलं, फुकटात काम झालं. तिसऱ्या आठवड्यात पट्टीतून धूर यायला लागला. उघडून पाहिलं तर टाकीतल्या नळीच्या टोकाची जाळी काळ्या गाळाने लिंपलेली, पंप तेल ओढतच नव्हता, आणि पट्टीच्या कडेवर निळी झाक आली होती. लोखंड तापून पाणी उतरल्याची ती खूण.

ते नुकसान पैशाचं होतं. दुसरं मला आईने दाखवलं. होळीच्या आसपास ती चुलीवर भाकरी करत होती. एक फाटा चुलीत सारण्याआधी तिने नाकाजवळ नेला, कापलेल्या तोंडावरून अंगठा फिरवला आणि अंगठा माझ्यापुढे धरला. काळा, चिकट. "हे तू जाळायला आणलंस?" एवढंच म्हणाली. त्या वर्षीच्या सगळ्या फाट्यांची टोकं मी कुऱ्हाडीने ताशीत बसलो होतो.

इंजिनात वापरलेल्या ऑइलमध्ये धातूचा बारीक चुरा असतो, जळलेल्या इंधनाची काजळी असते आणि कर्करोगाला कारण ठरणारी संयुगं साठलेली असतात. मशीन चालताना त्याचा फवारा तोंडावर, हातांवर येतो, श्वासात जातो. शेतात ते केळीच्या, कपाशीच्या मुळाशी झिरपतं. आणि सरपण कापत असाल तर तेच तुमच्या स्वयंपाकघरात धूर होऊन येतं. आपल्या बायका, आया त्या धुरासमोर दिवसातून दोनदा बसतात. म्हणून काळं ऑइल कुणी फुकट दिलं तरी टाकीत घालू नका. हा एकच मुद्दा तुम्ही या लेखातून घेतलात तरी मला समाधान आहे.

मग काय घालायचं?

सर्वात चांगलं म्हणजे "बार अँड चेन ऑइल" म्हणून मिळणारं खास तेल. त्यात चिकटपणा आणणारं द्रव्य मिसळलेलं असतं, म्हणून ते टोकाला वळताना कमी उडतं. दुकानात बाटली उघडून मिळाली तर एक थेंब अंगठा आणि तर्जनीत घ्या, बोटं सावकाश लांब करा. पाकाची एकतारी धरते तशी तार दिसली पाहिजे. तार न धरता लगेच तुटलं तर ते साधं तेल, वेष्टनावर काहीही लिहिलेलं असो.

दाटपणाचा आकडा बघा. डब्यावर व्हीजी १०० किंवा व्हीजी १५० असं असतं. हा आकडा ४० अंश तापमानाला तेल किती दाट आहे ते सांगतो. आपल्याकडे वैशाखात सावलीतच ४० च्या वर पारा जातो, शिवाय मशीन स्वतः तापलेलं असतं. त्यामुळे चैत्र-वैशाखात काम करणार असाल तर १५० घ्या. माघातल्या सकाळी, धुळे-जळगावकडे पारा दहाच्या खाली उतरतो तेव्हा १०० चं तेल पंपाला सोपं जातं. दोन डबे ठेवायचे नसतील तर १०० घ्या आणि उन्हाळ्यात टाकी जास्त वेळा बघा.

खास तेल तालुक्याच्या गावी मिळालं नाही तर नवं, न वापरलेलं साधं इंजिन ऑइल चालतं. एसएई हा इंजिन ऑइलच्या डब्यावरचा दाटपणाचा नंबर; एसएई ३० म्हणजे साधारण व्हीजी १०० च्या जवळ, एसएई ४० म्हणजे १५० च्या जवळ. चिकटपणा नसल्याने खप वाढेल, एवढंच. ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिकचं ६८ नंबरचं तेल पातळ पडतं, उडून जातं. गिअरबॉक्सचं नव्वद नंबर उलट फार दाट, छोट्या पंपाला ओढवत नाही, आणि त्यातल्या गंधकाचा वास लाकडाला लागतो.

खायचं तेल घालावं का, हे मला नेहमी विचारतात. चुलीसाठीच कापत असाल तर विचार चांगला आहे. मातीत लवकर कुजतं, धुराची भीती कमी. पण सगळी तेलं सारखी नाहीत. जवस, करडई, सूर्यफूल ही तेलं हवेत सुकून चिकट पापुद्रा धरतात. कढईच्या कडेला साठलेलं तेल आठवा. सोयाबीनही थोड्याफार प्रमाणात तसंच. टाकीत ते आठवडाभर राहिलं तर पंप आणि साखळी दोन्ही जाम. शेंगदाण्याचं तेल त्यामानाने बरं, पण महाग. एरंडेल सुकत नाही आणि चिकटही भरपूर, मात्र नुसतं वापरायला फार दाट, थंडीत तर सरकतच नाही. माझी पद्धत अशी: घरच्या जळणाचे शेवटचे बारीक तुकडे करताना शेंगदाणा तेल, बाकी सगळ्याला खास तेल. खायचं तेल घातलं त्या दिवशी संध्याकाळी टाकी रिकामी करतो आणि दोन मिनिटं खास तेलावर मशीन चालवून ठेवतो.

तेल साखळीपर्यंत पोचतंय का, हे रोज तपासा. मशीन चालू करून पट्टीचं टोक कोरड्या पुठ्ठ्यापासून वीतभर दूर धरा आणि रेस द्या. पुठ्ठ्यावर तेलाची बारीक रेघ उमटली पाहिजे. रेघ नाही म्हणजे काम नाही. दुसरी खूण टाकीची. पेट्रोलची टाकी संपेस्तोवर तेलाची टाकीही बरीच खाली गेलेली असावी. पेट्रोल संपलं आणि तेल जसंच्या तसं असेल तर "आज तेल वाचलं" म्हणून खूश होऊ नका, भोक बुजलेलं आहे. पट्टी काढा, भोक आणि खाच पातळ तारेने किंवा खेळायच्या जुन्या पत्त्याने साफ करा. त्याच वेळी पट्टी उलटी करून बसवा, म्हणजे दोन्ही कडा सारख्या झिजतात.

नवी साखळी बसवण्याआधी रात्रभर तेलात बुडवून ठेवा.

५. पेट्रोल आणि दोन टाक्यांचा घोळ

टू-स्ट्रोक मशीनला पेट्रोलमध्ये टूटी (2T, म्हणजे टू-स्ट्रोक इंजिनाचं) ऑइल मिसळावं लागतं. पुस्तिकेत ५० ला १ असेल तर लिटरला २० मिलि, २५ ला १ असेल तर ४० मिलि. अंदाजाने ओतू नका, औषध फवारणीचं माप वापरायला काढलंत तर ते वेगळं ठेवा, परत फवारणीला नेऊ नका. आताच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते हवेतली ओल ओढतं आणि रबराच्या नळ्या खराब करतं. त्यामुळे मिश्रण पंधरा दिवसांपुरतंच करा, आणि हंगाम संपला की टाकी रिकामी करून मशीन बंद पडेपर्यंत चालवा.

दोन्ही टाक्यांची झाकणं शेजारी-शेजारी असतात. घाईत साखळीच्या टाकीत पेट्रोल ओतलं जातं. मी तेलाच्या झाकणावर पिवळा रंग लावलाय. झाकण उघडण्याआधी भुसा फुंकून टाका.

६. धार

धारदार साखळी ढलप्या टाकते, बोथट साखळी पीठ टाकते. ही एक खूण लक्षात ठेवली तर बाकी सगळं सोपं. पीठ पडायला लागलं की माणूस मशीन दाबायला लागतो. मग पट्टी तापते, हात थकतो आणि अपघात होतो.

३/८ लो प्रोफाइल साखळीला ४ मिमी गोल कानस, .३२५ साखळीला ४.८ मिमी (३/८ आणि .३२५ हे साखळीच्या मापाचे इंचातले आकडे). पट्टीशी ३० अंशांत, आतून बाहेर, एकाच दिशेने, प्रत्येक दाताला मोजून सारखे हात. चार तर चार. एका बाजूचे दात जास्त घासले गेले तर मशीन लाकडात तिरकं जातं. दाताच्या पुढे एक बुटका खुंट असतो, तो दातापेक्षा साधारण ०.६५ मिमी खाली हवा. चार-पाच धारांनंतर तोही चपट्या कानशीने थोडा उतरवा.

साखळीचा ताण गार असताना बघा. खालून लोंबत नसावी आणि हाताने ओढली तर सहज फिरावी. तापल्यावर ती सैल होते म्हणून कामाच्या मध्ये आवळतो. पण काम संपल्यावर पुन्हा ढिली करायला विसरू नका, नाहीतर गार होताना आकसून पट्टीला दाबते.

७. कापण्याच्या दिवशी

आमच्या गावात एक म्हातारे आप्पा होते, आयुष्यभर लाकूडतोड केलेले. मशीन बघून त्यांनी मला एकच गोष्ट सांगितली: "भो, पहिले वरे देख, मंग मशीन चालू कर." वर काय बघायचं? आग्यामोहोळ, विजेच्या तारा, आणि अडकून राहिलेली वाळकी फांदी. आग्या माश्या मशीनच्या आवाजाने उठतात आणि माणसाच्या मागे फर्लांगभर येतात. तार फांदीजवळून जात असेल तर महावितरणच्या लाइनमनला सांगून लाइन बंद करून घ्या, "जरासंच कापायचंय" म्हणू नका.

मग खाली बघा. बांधावरच्या झाडांना आपणच कधीतरी कुंपणाची तार ठोकलेली असते. झाड वाढतं आणि तार सालीच्या आत गिळली जाते. बुंध्यावर आडवा वळ, फुगीर रेघ किंवा काळसर डाग दिसला तर तिथे हात घालू नका, वीतभर वर कापा. तारेवर साखळी गेली की आवाजच वेगळा येतो, ठिणगी दिसते, आणि तुटलेला दात कुठे जाईल ते देवालाच ठाऊक.

उभं झाड पाडायचं काम पहिल्या वर्षी स्वतः करू नका. अनुभवी माणूस लावा आणि नुसतं बघा: तो खाच कुठल्या बाजूला घेतो, मागचा काप खाचेच्या जरा वर कसा ठेवतो, मधे लाकडाची बिजागरी कशी राखतो, आणि झाड कलायला लागताच मागे तिरका कसा निघून जातो. तुम्ही आडव्या पडलेल्या खोडापासून सुरुवात करा.

आडव्या खोडात सगळा खेळ ताणाचा. खोड दोन्ही टोकांना टेकलेलं आणि मध्ये अधांतरी असेल तर वरची बाजू दाबलेली असते. आधी वरून तिसरा हिस्सा कापा, उरलेलं खालून. एकच टोक टेकलेलं आणि दुसरं हवेत असेल तर उलट, आधी खालून थोडं, मग वरून. चुकलं तर काप मिटतो आणि पट्टी चिमट्यात सापडते. अशा वेळी ओढाताण करू नका. मशीन बंद करा, कापात पाचर ठोका, पट्टी आपोआप मोकळी होते.

पट्टीच्या टोकाचा वरचा कोपरा कशालाही लागू देऊ नका. तिथे लाकूड लागलं की मशीन उसळून थेट तोंडाकडे येतं, डोळा मिटायच्या आत. म्हणून दोन्ही हात मुठीवर, डाव्या हाताचा अंगठा दांड्याखालून वळलेला, आणि खांद्याच्या वर कधीच कापायचं नाही. शिडीवर चढून तर नाहीच.

८. फोडणं आणि वाळवणं

ओंडके हातभर लांब करा, बंबासाठी वीतभर. बाभूळ ओली असतानाच फोडा, सरळ उकलते. वाळली की कुऱ्हाड परत येते. गाठीच्या बाजूने घाव घालू नका, उलट्या टोकाने घाला. मनगटाएवढे फाटे झाले की पुरे.

ओल्या लाकडात वजनाच्या तिसऱ्या हिश्श्यापासून निम्म्यापर्यंत पाणी असतं. एक लिटर पाण्याची वाफ करायला जेवढी उष्णता लागते, तेवढ्यात सहा लिटर थंड पाणी उकळीला येतं. म्हणजे ओलं लाकूड जाळणारा बंब आधी लाकडातलं पाणी उकळतो, मग तुमचं. वर धूर, काजळी, डोळ्यांना पाणी.

माघात फोडलेले फाटे वैशाखाच्या शेवटी वाळतात. आपल्याकडचं ऊन आणि कोरडा वारा हीच भट्टी. खाली दोन दगडांवर आडवी लाकडं टाकून जमिनीपासून उचलून रचा, मध्ये वारा खेळू द्या, घराच्या भिंतीपासून चार हात लांब. भिंतीला लागून रचलेल्या ढिगात विंचू, फुरसं, मण्यार हमखास मुक्काम करतात. त्यामुळे ढिगातून लाकूड काढताना आधी काठीने ठोका, बोटं आत खुपसू नका.

वाळलं का ते कसं ओळखायचं? टोकांना तारांसारख्या भेगा पडतात, साल सुटते, दोन फाटे एकमेकांवर आपटले तर टणक आवाज येतो. ओल्याचा आवाज दबका. खात्री हवी असेल तर एका फाट्यावर खडूने खूण करून दर आठवड्याला वजन करा. वजन उतरायचं थांबलं की झालं. बाभळीच्या बाहेरच्या पांढऱ्या भागाला किडा फार लागतो, ढिगाखाली पिवळं पीठ साचतं. जमेल तेवढी साल काढून टाकली तर कमी लागतो.

पऱ्हाट्यांबद्दल, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्यांबद्दल, एक कळकळीची गोष्ट. आपण त्या बांधावर गंजी घालून वर्षभर ठेवतो. काडीला राहिलेल्या किडक्या, अर्धवट उमललेल्या बोंडांत गुलाबी बोंडअळी जिवंत राहते आणि पुढच्या कपाशीवर तीच येते. जळणापुरत्या पऱ्हाट्या ठेवायच्या तर बोंडं झाडून जाळून टाका आणि गंजी शेतापासून लांब, घराकडे घाला.

९. जाळणं

चुलीत खच्चून भरू नका. दोन-तीन फाट्यांची टोकं एकमेकांना टेकलेली आणि खालून हवा, एवढ्यात स्वच्छ ज्वाळा येते. धूर दिसतोय म्हणजे जळण वाया जातंय.

प्रत्येक कामाचं जळण वेगळं. भरताच्या वांग्यांना पऱ्हाट्याच, त्या आचेची चव बाभळीला येत नाही. बट्टीला गोवऱ्यांचा नाहीतर बाभळीच्या निखाऱ्यांचा मंद ताव. खापरावरच्या मांड्यांना सगळीकडे सारखी ज्वाळा लागते, म्हणून बारीक फोडलेलं खडखडीत लाकूड. बंबात वीतभराचे तुकडे, आणि पेटवण्याआधी पाणी भरलंय का ते हात घालून बघा. कोरडा बंब पेटवला की सांधे उकलतात. रंग दिलेली दारं-खिडक्या, प्लायवूड, प्लॅस्टिक यातलं काहीही चुलीत नको.

थंडीत निखाऱ्यांची शेगडी बंद खोलीत घेऊन झोपू नका. निखाऱ्याला धूर दिसत नाही, पण त्यातून निघणाऱ्या वायूला वासही नसतो, आणि झोपलेला माणूस उठत नाही. खिडकी उघडी ठेवली तरी झोपण्याआधी शेगडी बाहेर.

१०. राख

वरून गार दिसणाऱ्या राखेत निखारा दोन दिवस जिवंत राहतो. फाल्गुन-चैत्रात वारा सुटलेला असताना अशी राख उकिरड्यावर टाकली आणि शेजारची गव्हाची गंजी गेली, हे प्रत्येक गावाने पाहिलेलं आहे. पत्र्याच्या झाकणाच्या डब्यात दोन दिवस ठेवा, पाणी शिंपडा, मग बाहेर काढा. आपली काळी जमीन आधीच विम्लाकडे (आम्लाच्या उलट बाजूला) झुकलेली आणि राखही विम्लच, त्यामुळे एकाच वाफ्यात राख ओतू नका. शेणखताच्या खड्ड्यात थर देऊन पसरा. थोडी चाळून ठेवा. आई वाल-चवळीचं बियाणं अजून राखेतच घोळून मडक्यात भरते, आणि आता ती चुलीत फाटे सारताना टोकांचा वास घेऊन बघत नाही.